तीनशे बारावं डोकं

विटांच्या खांबात ड्रिल घुसलं आणि खांब किंचाळला. यंत्रवाल्याने अंगाचा सगळा भार टाकून ते आणखी आत रेटलं. भोकातून लाल भुकटी भळभळली आणि फाटकापाशी झाडून ठेवलेल्या फरशीवर तिचं थारोळं झालं. फाटकमावशी डावा कान खांबाकडे करून उभी होती. तो कान सव्वीस वर्षांपूर्वी एका थपडेत गेला होता. असले आवाज ती त्याच कानावर घ्यायची.

"मावशी, तुमचं काम हलकं झालं बघा," यंत्रवाला घाम पुसत म्हणाला. "पोर आलं, कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, की आईबापाच्या फोनवर निरोप. पोचलं म्हणून. जाताना परत टेकवलं की निघालं म्हणून. तुम्ही नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला मी काय कुंडी आहे?"

तो हसला. मावशी हसली नाही. तिने केरसुणी आणली आणि ती लाल भुकटी गोळा करू लागली.

रोज सकाळी शाळेच्या या फाटकात एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोजल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे. कुणाचं डोकं तेलाने चपचपीत, कुणाचं नुकतंच भादरलेलं, कुणाचं तापाने कढत. ते कढत डोकं तिला आईच्या आधी कळायचं. मोजता मोजता ती स्वतःशीच गुणगुणायची,

आली गं पाखरं, उंबऱ्याला लागे पाऊल,
मोजून घेते आत, कुणा लागू नये चाहूल.

तीनशे बारा डोकी झाली की फाटक बंद. एखादं कमी भरलं तर कोण नाही ते ती न बघता सांगायची.

त्या दिवशी दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना, यंत्रवाल्यालाही, शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. बाई सावध स्वभावाच्या. हातात कोरा कागद घेऊन बसल्या.

"यंत्र उद्यापासून सुरू होतंय. वाईटात वाईट काय होईल ते आजच बोला. उद्या कपाळाला हात लावून बसायचं नाही."

विज्ञानाच्या सरांनी वीज जाईल असं सांगितलं. खेळाचे सर म्हणाले, पोरं कार्डं चावतील, भिरकावतील, आठवड्याभरात निम्मी नाल्यात सापडतील. एक बाई म्हणाल्या, पालकांचे नंबर बदललेले असतात, निरोप पोचणारच नाहीत.

तेवढ्यात कोपऱ्यातून कारकुनांनी घसा खाकरला. मुलं त्यांना रकानेकाका म्हणायची. त्यांच्या रजिस्टरात कुठे खाडाखोड सापडली तर शाळेला सुट्टी द्यावी लागेल, असं सगळे चेष्टेने म्हणत.

"ती चिंता सोडा, बाई. तीन आठवडे बसून यादी केलीय. आईचा नंबर, बापाचा नंबर, एकही रकाना रिकामा नाही. दुपारी एकला चाचणीचा निरोप सोडला, शाळेच्या नावानिशी. सगळ्यांना पोचला. एकही परत आला नाही!"

मावशी चहाची किटली घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"काका," ती म्हणाली, "खारीच्या बापाचा रकाना कशाने भरलात?"

खार म्हणजे तिसरीतली एक पोर. गालात खाऊ साठवून तासभर चघळायची, म्हणून खार. चार महिन्यांपूर्वी, वर्षाच्या मध्यातच, आईचं बोट धरून आली. आईचा जबडा तारेने बांधलेला होता. ती दातांतल्या दातांत बोलत होती. प्रवेशाच्या अर्जावर बापाचा नंबर खोडताना तिने पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला. फाटकातून बाहेर पडताना तिची नजर मावशीच्या डाव्या कानाकडे गेली आणि तिथेच थबकली. मावशीने तिच्या जबड्याकडे बघितलं.

"यंत्र रिकामा रकाना घेतच नाही हो," रकानेकाका म्हणाले. "अर्जावर खोडलेला होता. म्हणून मी जुन्या शाळेचा दाखला काढला. त्यावर मिळाला. मी तर शोधून..."

त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान उतरायला जरा वेळ लागला.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. क्रेन दुरुस्त करणाऱ्या खारीच्या बापाने लोखंडी पान्याने बायकोचा जबडा फोडला होता आणि पुढच्या वेळी पोरीचा नंबर, असं बजावलं होतं. ते इथे फक्त बाईंना आणि मावशीला ठाऊक होतं. कोर्टाने त्याला दोघींपासून लांब राहायला सांगितलं होतं. कुठून लांब राहायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि तेवढाच काय तो आधार होता.

"नंबर काढून टाका. आत्ताच," बाई यंत्रवाल्याला म्हणाल्या.

"यादी वर कंपनीत गेली, मॅडम. बदलायला तीन दिवस लागतील."

"मग यंत्रच बंद ठेवा ना," खेळाचे सर म्हणाले.

"आता बंद ठेवून काय?" मावशीने किटली टेबलावर ठेवली. "शाळेचं नाव गेलं ते गेलं. तुम्ही सगळे निरोप पोचणार नाही म्हणून भीत होता. अहो, पोचला म्हणून भ्यायची वेळ आलीय."

बाईंनी चौकीवर फोन लावला. पलीकडचा बराच वेळ बोलला. "काही घडलं की लगेच कळवा, म्हणाला," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हर हातात तसाच धरून बसल्या. "घडलं की."

मावशी यंत्रवाल्यापाशी गेली. त्याला कपभर चहा दिला.

"काय रे, कार्ड टेकवल्यावर निरोप किती वेळात जातो?"

"तीन श्वास घ्या, गेला."

"आणि कार्ड टेकवलंच नाही तर?"

"साडेनऊला गैरहजर म्हणून जातो."

"कार्ड कुणाच्या हातात आहे ते कळतं त्याला?"

"छे! त्याला कार्ड कळतं, माणूस नाही कळत."

मावशीने मान हलवली आणि पुढच्याला चहा द्यायला वळली.

घरी दोघींजवळ कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, फाटक उघडायच्या आधी, खार आणि तिची आई मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत आल्या. बाईंनी त्यांना नकाशांच्या खोलीत बसवून बाहेरून कुलूप लावलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. मावशीने खारीच्या गळ्यातलं कार्ड काढून आपल्या कमरेच्या बटव्यात टाकलं.

"माझं डोकं मोजलं नाहीस," खार म्हणाली.

"मोजीन. सावकाश."

मग फाटकापाशी गर्दी झाली. मुलं कार्ड टेकवत होती, टुंग वाजलं की खिदळत होती, मावशीचा हात तरी डोक्यावरून फिरतच होता. शेवटचं पोर आत गेलं तेव्हा तिची मोजणी तीनशे अकरावर थांबली. गैरहजर म्हणून निरोप गेला तर तो वस्तीत घर शोधत फिरणार, म्हणून तिने बटव्यातून कार्ड काढलं, यंत्राला टेकवलं आणि परत बटव्यात टाकलं. यंत्राच्या पट्टीवर आत आलेल्या पोरांचा आकडा उमटला, ३१२. तिने फाटक ओढून कुलूप घातलं आणि स्टुलावर बसली.

तो दहाला आला. दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री. फाटकाच्या गजांतून त्याने फोन पुढे केला, तिला वाचता यावं म्हणून नीट सरळ धरून.

"नमस्कार. माझी मुलगी इथे आहे. शाळेनेच कळवलंय."

"इथे नाही."

"सकाळी आठ सत्तावन्नला पोचलीय. हे बघा. यंत्र खोटं बोलतं होय?"

"यंत्र नवं आहे, दादा."

"आणि तुम्ही जुन्या." तो मनापासून हसल्यासारखा हसला. "उघडा, मावशी. बाप आहे मी तिचा."

"बापच असतात सगळे."

त्याचं हसू विझलं नाही, तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याने फोन खिशात ठेवला, पाठीशी पट्ट्यात खोचलेला हातभर लांब पाना काढला आणि कुलपावर घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला कडी उखडून मावशीच्या पायाशी पडली. वरच्या खिडकीत मोठ्या बाई फोनवर ओरडत होत्या, "आता घडलंय! आता या!"

मावशी फाटकाच्या मधोमध उभी राहिली. बटव्यात हात घालायला तिला एक क्षण हवा होता. तो तिला मिळाला नाही. पहिला फटका तिच्या उजव्या मनगटावर बसला आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज तिने चांगल्या कानाने ऐकला. दुसरा बरगडीत. ती गुडघ्यांवर आली, तरी तिने डाव्या हाताने त्याच्या पायाला मिठी घातली. त्याने तिला दहा पावलं तशीच फरफटत नेली आणि मोकळ्या पायाची लाथ तिच्या तोंडावर मारली. तेव्हा कुठे मिठी सुटली.

"कुठे लपवलीय?" तो व्हरांड्यात शिरला. पहिलीच्या वर्गाची काच फुटली. आत चाळीस पोरं एकदम रडली. खेळाचे सर धावत आले. त्यांच्या खांद्यावर पाना बसला आणि ते भिंतीला घसरत खाली बसले, एका हाताने दुसरा हात धरून. तो दारामागून दार लाथेने उघडत चालला होता. दुसरी. तिसरी. तिसरीच्या वर्गात त्याने एका मुलीला वेणीला धरून वर उचललं, चेहरा बघितला आणि सोडून दिलं. खालच्या व्हरांड्याच्या टोकाला एकच दार उरलं होतं. त्याला बाहेरून कुलूप होतं.

कुलूप बघून तो थांबला. मग त्याने पाना दोन्ही हातांत घेतला.

मावशी खांबाकडे सरकत होती. कोपरावर, गुडघ्यावर, फरशीवर आपल्याच तोंडातलं रक्त पुसत. उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताला बटव्याची गाठ सुटेना. तिने गाठ दातांनी सोडली, कार्ड दातांतच धरलं, खांबाला धरून उठली आणि यंत्राला तोंड भिडवलं.

यंत्र डाव्या कानाशी होतं. टुंग झालं की नाही ते तिला कळलं नाही.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक श्वास. पाना कुलपावर आदळला. दोन. पुन्हा आदळला, दाराची चौकट तडकली, आतून एक बारीक आवाज आला आणि कुणीतरी तो हाताने दाबला. तीन श्वास. काहीच झालं नाही.

चौथ्या श्वासाला त्याचा डावा हात खिशाकडे गेला.

त्याने निरोप वाचला, मुलगी निघाली म्हणून. दाराकडे बघितलं, पुन्हा फोनकडे. मग तो मागे फिरला आणि व्हरांडा, मैदान, उघडं फाटक ओलांडून धावत सुटला. जाता जाता मावशीला त्याचा धक्का लागला. त्याने वळूनही बघितलं नाही. रस्त्यावर पोर कुठे दिसते ते शोधत, हातात पाना घेऊन, तो कोपऱ्यावरून वळणाऱ्या पोलिसांच्या गाडीसमोरच जाऊन उभा राहिला. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

मावशीने फाटकाला पाठ लावली आणि पायांनी रेटत ते बंद केलं. मग तिथेच बसली.

दवाखान्याची गाडी खेळाच्या सरांना घेऊन गेली होती आणि मावशीसाठी परत यायची होती. तोवर विज्ञानाच्या सरांनी तिच्या मनगटाला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावून रुमालाने बांधल्या होत्या. ती फाटकाजवळच्या स्टुलावरून हलायला तयार नव्हती.

रकानेकाका आले. हातात यादी होती. बराच वेळ ते फरशीवरच्या लाल डागाकडे बघत राहिले. तो काल झाडताना राहून गेलेल्या भुकटीचा होता की आजचा, ते ओळखता येत नव्हतं.

"मावशी, मी..." त्यांनी यादी उघडली, परत मिटली. "तीन दिवसांनी नंबर बदलता येईल. पण तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. तुमचा टाकला तर चालेल?"

मावशीचा ओठ सुजला होता. तिने एकेक आकडा सावकाश सांगितला. ते लिहीत गेले. शेवटचा आकडा चुकला, तो त्यांनी खोडून पुन्हा लिहिला, आणि ती खाडाखोड तशीच ठेवून निघून गेले.

नकाशांच्या खोलीचं दार तडकलेल्या चौकटीत अडकल्यामुळे ते उघडायला सुतार बोलवावा लागला. आई मोठ्या बाईंच्या खोलीत जबाब देत होती. खार एकटीच मैदान ओलांडून आली. गालात काहीतरी होतं. तिने यंत्राच्या पट्टीकडे बघितलं. तिथे आकडा होता, ३११.

"मावशी," तिने घास एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला, "मी आत आहे का बाहेर?"

मावशीने डावा हात उचलला. त्याला रक्त लागलेलं होतं, म्हणून आधी मांडीवर पुसला. मग तो पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"तीनशे बारा," ती म्हणाली.