बाई असल्याचा पुरावा

मालनला ग्रुपमधून मी काढलं. दर्शनाने नाही, बाकीच्या दोनशे जणींनीही नाही. त्यांनी नंतर टाळ्या वाजवल्या, पण बटण माझ्या अंगठ्याने दाबलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट सांगता सांगता स्वतःची बाजू मांडायची मला वाईट खोड आहे.

आमच्या ग्रुपचं नाव ‘कोटकरणी’. ‘काळोखकोट’ नावाची एक कादंबरी दर शुक्रवारी मोबाइलवर भागाभागाने येते, तिच्यामागे वेड्या झालेल्या बायकांचा हा ग्रुप. त्या कोटात राहणारं प्रत्येक माणूस कुठून तरी उठून आलेलं असतं. आम्ही त्यांची चित्रं काढायचो, लेखिकेने न लिहिलेले प्रसंग आपल्या मनाने लिहायचो, कोणाचं कोणाशी जमावं यावरून कडाकडा भांडायचो. मी कांदिवलीत दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहून घेते. दिवसभर लोकांच्या दाढा ऐकल्यावर हा ग्रुप म्हणजे माझी चैन होती. अॅडमिन मी, आणि शुद्धलेखनाची मास्तरीणही मीच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मी सोडत नसे, त्यावरून सगळ्या मला चिडवायच्या आणि मला ते आवडायचं.

नियम एकच होता, फक्त बायका. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी ‘मिताली’ म्हणून आलेली एक जण शेवटी मिथुन निघाली. चार महिने आमच्यात गप्पा मारत त्याने पोरींचे फोटो जमवले होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तशी मी नव्या नावाकडे संशयाने बघायला लागले.

मालन एप्रिलमध्ये आली. लग्न करून मुलुंडला आलेली, एक मुलगी, एवढंच तिने सांगितलं होतं. ती शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर निळ्या बॉलपेनने चित्रं काढायची. आम्ही सगळ्या नायिकेला काढत होतो, हातात तलवार आणि केस उडालेले. मालन मात्र कोटात पाणी भरणाऱ्या बाईला काढायची. त्या बाईला अख्ख्या कादंबरीत दोन वाक्यं आहेत. मालनच्या चित्रात तिच्या डोक्यावरची चुंबळ दिसायची, टाचांच्या भेगा दिसायच्या, आणि मान अशी ताठ की घागरीचं ओझं आपल्याच डोक्यावर आल्यासारखं वाटायचं. दिवाळीला आम्ही आमच्यापुरता एक छोटा अंक छापून पोस्टाने सगळ्यांच्या घरी पाठवतो. जुलैमध्ये त्याच्या मुखपृष्ठासाठी मालनचं चित्र एकमताने ठरलं.

त्याच सुमारास मी लिहिलेल्या एका प्रसंगावर तिचा मेसेज आला. ‘ताई, तुमचं वाचून मी भाकरी करता करता रडलो.’

‘रडलो’वर माझा डोळा पहिल्यांदाच अडकला. मी तिचे जुने मेसेज काढून बसले. उठलो, बसलो, विसरलो, येतो. चार महिन्यांत एकदाही ‘आले’ नाही की ‘गेले’ नाही. फोटो नाही, व्हिडिओ कॉलला कधीच हजर नाही. खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही, आनंद झाला. चोर पकडल्याचा आनंद.

मी तिला वेगळा मेसेज केला, आवाज रेकॉर्ड करून पाठव. तिने लिहिलं, ‘आता नको ताई. सगळी घरात आहेत. एकच खोली आहे.’ एवढा पुरावा मला पुरला. मी तिच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, प्रत्येक ‘लो’खाली लाल रेघ मारली आणि ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, ‘बाईचं सोंग घ्यायचं तर थोडं व्याकरण शिकून यावं ना, भाऊ.’ त्यावर हसणारे चेहरे पडतच राहिले. त्या विनोदाचा मला दोन दिवस अभिमान होता.

तिचं उत्तर आलं. ‘मी बाईच आहे ताई. आमच्यात असंच बोलतात.’

मी लिहिलं, ‘आमच्यात म्हणजे पुरुषांत का?’ आणि तिला काढून टाकलं.

ग्रुपमधल्या दर्शनाने ते स्क्रीनशॉट ‘पोरींनो, सावध’ म्हणून इन्स्टाग्रामवर टाकले. ते पुढे किती ठिकाणी गेले, देव जाणे. वरच्या कोपऱ्यात मालनचा नंबर तसाच होता. मी लाल रेघा मारल्या, नंबर झाकला नाही.

ऑक्टोबरमध्ये आमच्या दवाखान्यात प्रियंका नावाची नवी मदतनीस लागली, गडहिंग्लजकडची. पहिल्याच दुपारी पदराला हात पुसत ती म्हणाली, “मॅडम, मी जेवून आलो. आता तुम्ही जावा.”

मी जागची हलले नाही. “तू ‘आलो’ का म्हणतेस?”

“मग काय म्हणू? आमच्याकडं समद्या बायका असंच बोलत्यात. माझी आई, आज्जी, मास्तरीणबाईसुद्धा.” ती हसली. “हितं आल्यापासनं सगळी मला ह्येच विचारत्यात.”

त्या दिवशी मी जेवले नाही. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, तुझा काय दोष. माझी आई कुडाळची, कांदिवलीत पस्तीस वर्षं काढली तरी घरात मालवणीच बोलते. ती भाजी निवडायची थांबली.

“मगे माझा काय?” ती म्हणाली. “मी ‘इलंय’ म्हणतंय, ‘जातंय’ म्हणतंय. त्यात बाई खंय दिसता तुका? माका पण काढून टाक.”

पाचवीत असताना मी वर्गात ‘माका’ म्हणाले होते आणि अख्खा वर्ग आठवडाभर ‘माका, माका’ करत माझ्या मागे फिरला होता. मी आरशासमोर उभी राहून ‘मला, मला’ घोटलं. तेव्हापासून भाषा कडक इस्त्री करून वापरते. जिला हे सगळं ठाऊक, तिनेच हे केलं, याची मला अजून लाज वाटते.

मालनचा नंबर बंद होता. पण अंक पाठवण्यासाठी घेतलेल्या पत्त्यांच्या यादीत तिचा पत्ता होता. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, इमारत, खोली. तो माझ्याकडे जुलैपासून होता. चोर पकडायच्या नादात यादी उघडून बघावी, हे मला सुचलं नव्हतं. अंक छापायला जायला आठ दिवस होते. चित्र परत मुखपृष्ठावर घ्यायचं, खाली तिचं नाव छापायचं आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागून तिला परत आणायचं, असं ठरवून मी रविवारी मुलुंडला गेले.

दार तिनेच उघडलं. चाळिशीची, बारीक अंगाची बाई. मी म्हटलं, “मी श्रुतिका. कोटकरणींची.” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग बाजूला सरकली.

आत खाटेवर तिच्या सासूबाई टीव्हीचा आवाज मोठा करून बसल्या होत्या. मालनने मला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नेलं. “चहा करते,” ती म्हणाली.

करते. माझ्या कानांना ते लगेच कळलं.

“फोन लागला नाही तुझा,” मी म्हणाले.

“पहिल्या दिवशी बावीस आले.” तिने भांड्यात पाणी ओतलं. “सगळे बाप्ये. कोण म्हणायचं बाईचा आवाज काढून दाखव, कोण त्याच्या पुढचं. एक यांनी उचलला. त्यानंतर फोन नाही माझ्याकडं.”

“मारलं?”

ती साखरेचा डबा शोधत राहिली. डबा समोरच होता. मग हळू आवाजात म्हणाली, “सासूबाई म्हणाल्या, एवढ्या बायकांना तू पुरुष वाटलीस, म्हणजे तुझ्यातच काहीतरी असणार.”

“आणि वही?”

“रद्दीत घातली.”

येताना मी बरंच काही ठरवलं होतं. त्यातलं एकच वाक्य निघालं. “माझं चुकलं, मालन. मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला कसं माहीत असणार?” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. “माझंच चुकलं. शहरात आलो...” ती थांबली. “आले, तेव्हाच शिकायला पाहिजे होतं. आता सवय करते आहे.”

मी तिला मुखपृष्ठाचं सांगितलं. चित्राचा फोटो माझ्याकडे आहे, नाव मोठ्या अक्षरात छापू, माफी मी मागेन, तू फक्त हो म्हण. मी भराभरा बोलत होते. दुकानदार खराब माल बदलून देतो म्हणतो, तसं ते माझं मलाच ऐकू आलं. ती चहा गाळत होती.

“नाव नको,” ती म्हणाली. “चित्र पण नको. पोरगी मोठी होतीय, ताई.”

“नावाशिवाय छापू?”

“त्या बाईला बघितलं की मला आता ते फोन आठवतात.”

पाणी भरणारी बाईही मीच तिच्याकडून हिरावून घेतली होती. आम्ही चहा प्यायलो. पातळ होता, गोड होता, आणि मला तो संपवायचाच होता, कारण निघायचं कसं हे कळत नव्हतं.

तेवढ्यात जिना चढल्याचा धपधप आवाज आला आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी आत शिरली. पायातले सँडल भिरकावून देत म्हणाली, “आई, मी आलो.”

मालनने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. “काय म्हणालीस?”

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं. “आले.”

“सँडल घाल. बाहेर जा. परत ये.”

टीव्हीसमोरची म्हातारीही वळून बघायला लागली. मुलगी निमूट सँडल घालून बाहेर गेली. गॅलरीत जरा वेळ उभी राहिली. मग उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवून, वर्गात कविता म्हणतात तशी, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “आई, मी आले.”

“रोज असंच म्हणायचं. शाळेत, घरात, सगळीकडं.” मालनने तिला जवळ घेतलं, तिच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. काळजी होती, आणि माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

“ताई, तुम्हाला कळतं म्हणून विचारते,” ती म्हणाली. “आता हिला कोण काढणार नाही ना?”

मी म्हणाले, “नाही.” मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती.