चोरपायरी

शेतावरचं ते जुनं घर पाहायला बघे यायला लागले आणि सुनेच्या जिवाला घोर लागला.

"वाकून या! दार मुद्दाम बुटकं ठेवलंय," सासरे सांगायचे. "खाली गुरं, वर माणसं, म्हणजे थंडीत गुरांची ऊब फुकटात. आणि हा जिना बघा. भिंतीत रोवलेले नुसते दगड, कठडा नाही. पोतं घेऊन चढणाऱ्याला कठडा आडवा येतो. त्यातली ही मधली पायरी चार बोटं उंच, ती चोरासाठी. अंधारात तो अडखळणार आणि घर जागं होणार. घरचा माणूस अडखळला, असं झालेलं नाही!"

सुनेची लेक ठमी नुकती चालायला लागली होती.

"अहो, जिन्याला खाली एक फाटक तरी लावा," सुनेने नवऱ्याला विनवलं.

"जुन्या वास्तू जपणारे ते लोक सांगून गेलेत ना, खिळासुद्धा ठोकायचा नाही. आणि मी नाही वाढलो याच घरात?"

"मग हनुवटीवर खूण कसली आहे?"

"ती... ती वेगळी."

शेवटी तिने जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी घातली. बघे आले की सासरे ती बाजूला सारायचे. फोटोत येते म्हणून.

त्या दिवशीही त्यांनी ती सारली. सून पाहुण्यांना पाणी देत होती. सगळ्यांच्या माना छताच्या तुळईकडे वळलेल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, ती बघा!"

ठमी पार वर उभी होती.

सुनेने हाक आवरली. हाक ऐकली की पोर आईकडे धावत सुटणार. मध्ये ही एवढी माणसं, त्यांचे उंचावलेले फोन. "जाऊ द्या मला," ती पुटपुटली, पण हलेना कुणी.

ठमी वळली, पोटावर पडली आणि पाय खाली सोडत उतरू लागली. उंच पायरीशी तिचा पाय अधांतरी लोंबकळला. अंगठा दगड शोधत राहिला. सुनेचे हात नुसते पुढे पसरलेले.

पाय टेकला. ठमी खाली आली. टाळ्या पडल्या.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "बघितलंत? घरचं रक्त आहे! सूनबाई, आता तरी ती खुर्ची कायमची उचला बघू."

नवऱ्याने खुर्ची उचललीसुद्धा. पोर पडली कुठे होती?

तिने ठमीला छातीशी घट्ट धरलं. पण टाळ्यांची गोडी लागलेली ठमी हातपाय झाडत निसटली आणि पुन्हा जिन्याकडे निघाली.