वरच्या पावसाचा फोन

महाडात पूर येतो तो महाडच्या पावसानं नव्हे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. इथं रस्त्यावर ऊन असलं तरी तिकडे आंबेनळी घाटात आणि पोलादपूरच्या डोंगरांत पावसानं धरलं, त्यात बाणकोटच्या खाडीला भरती असली, की सावित्री बाजारपेठेत शिरलीच म्हणून समजा. म्हणून इथला शहाणा दुकानदार आभाळाकडे बघत बसत नाही. तो वरच्या माणसाच्या फोनची वाट बघतो.

खतवाल्या चिंतामणीचा वरचा माणूस होता रामा. खतं-बियाण्यांचं जुनं गिऱ्हाईक. पोलादपूरच्या वर, डोंगराला चिकटून त्याची वाडी. "शेठ, वर लय धरलाय. माल हलवा," एवढंच तो सांगायचा, आणि ड्रायव्हर मुरारीच्या टेम्पोतून गोण्या उंचावरच्या गोदामात जायच्या. गेल्या जुलैतही रामाचा फोन आला, गोण्या हलल्या, एक दाणा भिजला नाही. दुसऱ्या दिवशी रामाच्या घरावर डोंगर आला. बायको रखमा तुडीलला लेकीकडे होती, ती तेवढी उरली.

चिंतामणी वर जाऊन आला, चिखल बघितला, घरी येऊन जेवला. रडला नाही. तेव्हापासून तो बधिरच होता. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. बायको कालिंदी वाढेल ते खायचा, लोक हसले की हसायचा. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला.

यंदाच्या जुलैत एका दुपारी फोन वाजला. रामाचाच नंबर. रखमानं तो बंद केला नव्हता.

"शेठ, पहाटेपासून वर लय धरलाय. माल हलवा."

टेम्पो दारातच होता, निम्मा भरलेला. "बरं," म्हणून चिंतामणी फोन ठेवणार, तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही कुठं आहात?"

"हितंच. पत्र्याच्या शेडात. शेजारची परयागबाय हाय संगती."

"मग खाली या."

"खाली कुठं येऊ, शेठ? तुमच्या पान्यात?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. वरून दरड आणि खालून पूर, मधे माणसानं जायचं कुठं? जिन्यात उभ्या कालिंदीनं ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "आपला वरचा मजला आहे की."

"मुरारी, भरलेल्या गोण्या उतरव. वाडीवर जा."

"आणि खत?"

"राहू दे. दोन खेपांना वेळ नाही."

मुरारीनं मालकाचं डोकं फिरलं असं समजून गोण्या उतरवल्या आणि टेम्पो वर नेला. दिवेलागणीला तो रखमा, प्रयागबाई आणि दोन शेळ्या घेऊन आला. मागोमाग पाणी आलं. युरियाच्या गोण्या फुगल्या, फुटल्या आणि दुकानभर पांढरट पाणी झालं. चिंतामणी जिन्यावरून बघत होता. त्याला काहीच वाटलं नाही. रखमा मात्र भडकली.

"मंग फोन कशाला केला मी? माल भिजवायला?"

"रामाला मी कधीच विचारलं नाही, वहिनी. कुठं आहेस म्हणून."

"इचारलं असतंत तरी आलं नसतं ते. लावणी चालू व्हती," म्हणत रखमानं शेळीला भाकरीचा तुकडा दिला.

डोंगर त्या रात्री जागचा हलला नाही. माल मात्र गेला तो गेलाच. पाणी ओसरल्यावर रखमा प्रयागबाईला आणि शेळ्यांना घेऊन निघाली. राहा म्हटलं तरी राहीना. तिथं तिची नाचणी होती.

"पोचलात की फोन करा," चिंतामणी म्हणाला.

"पाऊस आला की करीनच."

"पाऊस नसला तरी करा."

दुकानातला चिखल उपसत असताना फोन वाजला. महाडात सरी चालू होत्या.

"शेठ, पोचलो. हितं उघडलंय. ऊन हाय."

त्या नंबरावरून आजवर कधी ऊन कळवलं गेलं नव्हतं. चिंतामणीनं फोन कानाशी तसाच धरला, चिखलातच बूड टेकलं, आणि रामा मेल्यानंतर पहिल्यांदा तो ढसाढसा रडला.