उंबऱ्याबाहेरची भाषा

टोकाला गुलाबी स्पंज असलेली ती काडी नर्स पवित्राने पाण्यात बुडवली, पेल्याच्या कडेला निथळवली आणि श्रीकांतच्या सुकलेल्या ओठांवरून फिरवली—आणि त्यांनी तोंड उघडलं. लगेच उघडलं. सकाळी नयनाने हेच केलं, तेव्हा दात घट्ट मिटून मान वळवली होती... माझ्या हातचं पाणीही नको झालं का हो?

"नोवु एल्लिदे, अप्पाजी?" पवित्रा विचारत होती.

कुठे दुखतंय. एवढं कानडी नयनाला कळत होतं, पुढचं नाही. पुढे श्रीकांत बोलत राहिले, थांबत, धापा टाकत, पण बोलत राहिले—मध्येच काहीतरी म्हणाले आणि ती नर्स हसली, तेही हसले. गरम पाण्याचं पातेलं धरून नयना दारातच उभी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीत शिरायला आता काय आमंत्रण हवं होतं?

नवऱ्याचा कॅन्सर मणक्यात उतरलेला, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं, आणि साठी उलटलेली ही बाई मुलीच्या वयाच्या नर्सचा मत्सर करते आहे. लाज वाटायला हवी होती. वाटत नव्हती. जळफळाट तेवढा होत होता.

घरात मराठीच, हा नियम तिचाच. क्षितिज बालवाडीतून कानडी बडबडत आला, त्या संध्याकाळी केलेला. बेंगळुरूतल्या बनशंकरीच्या या गल्लीत पोरगा आपली भाषा विसरेल, ही धास्ती... श्रीकांत कारखान्यातून यायचे, दाराशी बूट काढायचे आणि कानडीही तिथेच ठेवायचे. कामावरची भांडणं, चेष्टा, शिव्या, सगळं उंबऱ्याबाहेर. आत यायचे ते चहा मागणारे, कसं काय विचारलं तर 'ठीक आहे' म्हणणारे श्रीकांत. तिला वाटायचं, ते एवढेच आहेत. अजूनही 'ठीक आहे'च—तिच्या वाट्याला तेवढंच. बाकी सगळं त्या पोरीला!

तिने स्वयंपाकघरात जाऊन क्षितिजला फोन लावला.

"ही मुलगी बदलून माग."

"का? काही चुकलं तिचं?" तो बेळ्ळंदूरच्या ऑफिसात होता, मागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं.

"मराठी बोलणारी बघ एखादी."

"आई, बेंगळुरूत? आणि बाबांचं तिच्याशी छान जमतंय ना?"

"तू माग रे!"

"बरं... संध्याकाळी बोलतो नर्स पाठवणाऱ्या एजन्सीशी."

झालं. उद्यापासून ती नाही. नयनाला हलकं वाटायला हवं होतं.

दुपारी पवित्रा चादरी वाळत घालायला गच्चीवर गेली. "कुछ लगा तो बुलाना, आंटी." नयना पलंगाशी जाऊन बसली. श्रीकांतचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

"दुखतंय का हो?"

"नाही गं. ठीक आहे."

पण पांघरुणाबाहेर त्यांच्या पायांची बोटं आवळलेली दिसत होती. आणि ती बोटं बघता बघता तिला काय झालं कुणास ठाऊक, रागाने असेल किंवा हट्टाने—तिने त्यांचा हात धरला आणि त्या पोरीचे शब्द, त्या पोरीसारखेच हळू, उच्चारले.

"नोवु एल्लिदे?"

श्रीकांतनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आवरून धरलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सुटून गेलं आणि ते बोलू लागले, कानडीत, भराभर. 'तुंबा, तुंबा' म्हणत होते. तुंबा म्हणजे खूप, हे तिला बाजारातून ठाऊक होतं. बाकीचे शब्द कळले नाहीत, कळायची गरजही नव्हती. ते रडत होते. लग्नापासून तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या बोटांनी तिचा हात असा आवळला होता की बांगडी मनगटात रुतत होती.

"पवित्रा!" ती ओरडली. "पवित्रा, अगं ये लवकर!"

हेच हवं होतं ना तुला, नयना? मिळालं. सगळं मिळालं... मग आता हे घेऊन बसवत का नाही? जिन्यावर धावत्या चपला वाजल्या, आणि तिने त्यांच्या घामेजल्या कपाळाला गाल लावला. एकदा म्हणा ना... खोटं का होईना, मला तेच हवंय... 'ठीक आहे' म्हणा ना हो.