पाठीचा टेकू

"अहो, जरा वर घ्या. हां, बास."

मिस्त्रिणीने सिमेंटच्या बोर्डाला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि बोर्ड बाथरूमच्या लाकडी सांगाड्यावर दाबून धरला. तिच्या नवऱ्याने, मिस्त्रीने, बोर्डावरून अंगठा फिरवला. बारीक खळगा लागला की तिथे स्क्रू टेकवायचा आणि मशीन चालवायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढं बारकाईने काम करतोय माणूस! खरी गोष्ट अशी होती की मिस्त्रीला आता ज्याच्याकडे बघावं त्याच्या मधोमध काळा डाग दिसायचा. तो डाग वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून बोर्ड खाली असतानाच मिस्त्रीण मागच्या लाकडांची मापं घ्यायची आणि खिळ्याने खळगे पाडून ठेवायची. युक्ती तिचीच. ठेकेदाराला याचा पत्ता नव्हता. लागला असता, तर त्याच दिवशी दोघांना गाशा गुंडाळावा लागला असता, आणि या वयात दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

"मिस्त्री, संध्याकाळी टाइलवाले येतायत बरं का," ठेकेदार दारातून म्हणाला. "वहिनी, गप्पा कमी करा."

"गप्पा कसल्या? यांना बोलतं करायला मला अख्खा जन्म पुरला नाही!"

ठेकेदार हसला आणि तिथेच रेंगाळला. त्याच्यासमोर घाईघाईत मिस्त्रिणीने पुढचा बोर्ड उचलला, तो उलटा. खालची बाजू वर गेली, डावीकडचे खळगे उजवीकडे आले. तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

कडेचे स्क्रू नीट बसले. मधल्या खळग्यात स्क्रू गेला आणि मिस्त्रीचा हात थबकला. लाकूड स्क्रूला कसं घट्ट धरतं, ते मनगटाला कळतं. हे लाकूड नव्हतं. त्याने बोर्डाला कान लावला. आत बारीक सूं सूं आवाज येत होता. पाण्याची लाइन प्लंबरने सकाळीच चालू केली होती.

मिस्त्रिणीने मान वळवून नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि बोर्ड उलटा लागल्याचं तिच्या ध्यानात आलं.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "स्क्रूनंच भोक बुजलंय. वरून टाइल बसली की कोण बघतंय?"

खरंच, कुणीच बघितलं नसतं. पाणी थेंब थेंब पाझरलं असतं, लाकूड कुजलं असतं आणि कधीतरी दुसऱ्याच मिस्त्रीने ती भिंत फोडली असती. असल्या कुजक्या भिंती याने जन्मभर फोडल्या होत्या. आणि दर वेळी शिवी हासडून विचारलं होतं, कुठल्या आंधळ्याने केलंय हे?

त्याने मशीन उलटं फिरवलं. स्क्रू निघाला आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर उडाली.

ठेकेदार लाइन बंद करायला धावला. परत आला तो तणतणतच. "डोळे फुटले होते का, मिस्त्री? पाइप कुठून गेलाय ते बघितलं नाही?"

"चूक माझी आहे, भाऊ," मिस्त्रीण मध्येच म्हणाली. "बोर्ड मीच उलटा उचलला."

"तिचं ऐकू नका." मिस्त्रीने बाहीने तोंड पुसलं. "मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं."

ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"एवढा बोर्ड उतरवा आणि हत्यारं आवरा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या मी दुसरं कोणी बघतो."

तो गेल्यावर मिस्त्री एकेक स्क्रू काढू लागला. मिस्त्रीण पाठ लावून उभी होती. ओल्या बोर्डाने तिची पाठ भिजली होती. शेवटचा स्क्रू जमिनीवर पडला.

"सुटला. हो बाजूला."

ती हलली नाही. टाचा रोवून, बोर्ड तसाच भिंतीवर दाबून उभी राहिली.

"अगं, झालं."

"हो," ती म्हणाली. "धरलाय मी."