बाळाचा सौम्य साबण

"उद्यापासून येऊ नका मावशी, तुमची कातडी नाजूक आहे," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि सासूबाईंचं टाळकंच सरकलं.

उभं आयुष्य लॉन्ड्रीत गेलेलं, सोड्याच्या पाण्यात आणि गरम इस्त्रीशी. नाजूक हा शब्द त्यांच्या लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता.

कंपनीचा बाळांसाठी नवा साबण येणार होता. तो कातडीला त्रास देतो का, हे पाहायला पगारी माणसं घेतली होती. रोज घरी मनगटाच्या आतल्या बाजूला साबणाचं पाणी खरखरीत फडक्याने चोळायचं आणि सकाळी येऊन हात दाखवायचा. सासूबाई आणि सून, दोघी येत. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी वाटू लागली, मग खाज सुटली, आणि आज चांगला लाल चट्टा उठला होता.

"लाल झालं हे लिहिलंत ना?"

"लाल झालेल्यांना आम्ही वगळतो. निकाल उरलेल्यांवरून लागतो."

"वा! नापास पोरं घरी पाठवायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के. मग खोक्यावर छापा, कुणालाच झोंबला नाही म्हणून."

"नियम आहे, मावशी. तुमच्या सुनेला बघा, काही नाही झालं."

सासूबाईंनी टेबलावरचा हात हलवला नाही. घरी तान्ही नात होती, आणि काम संपल्यावर कंपनीकडून भेट मिळणारं पहिलं खोकं तिच्यासाठीच फुटणार होतं. "माझ्या निबर हाताची ही गत, तर त्या लोण्याच्या गोळ्याचं काय होईल? लिहा. लिहिल्याशिवाय मी उठत नाही."

"समजवा हो यांना," बाई सुनेला म्हणाल्या.

सुनेने रुमाल ओला करून आपलं मनगट पुसलं. कातडीच्या रंगाचं क्रीम रुमालावर आलं आणि खाली सासूपेक्षा मोठा, सोललेला चट्टा दिसला.

"काढून टाकतील म्हणून लावून यायचे," ती म्हणाली. "आई, रागावू नका."

सासूबाई रागावल्या. मग त्या बाईंकडे वळल्या.

"आता हिलाही काढा. आणि बाहेर बाकावर बाकीच्या बसल्यात ना, त्यांचे हात आधी धुऊन घ्या. मग सांगा मला, तुमचा साबण कुणाला सोसतो ते."

दार उघडंच होतं. बाकावरच्या बायकांनी बाह्या खाली ओढल्या.