आरशाचे चार स्क्रू

शेठच्या खिशात दमडी नसायची, तेव्हापासून आम्ही त्याला शेठ म्हणतो. कॉलेजात माझ्याच सिगारेटी ओढून मलाच उपदेश करायचा. बोलण्यात असा पटाईत, की समोरच्याला त्याचाच शर्ट विकून वर आभार मानायला लावेल. मी पहिल्यापासून मुखदुर्बळ. ''तुझे हात आणि माझं तोंड,'' तो म्हणायचा, ''आपल्याला कोण अडवणार, लेका?'' मला ते खरं वाटायचं. अजूनही आठवलं की आधी बरं वाटतं आणि मग संताप येतो.

जुनं फर्निचर उचलायचं आणि त्यातून लोकांच्या घरात छोटे बार बनवून द्यायचे, ही कल्पना त्याची. पहिला नमुना त्याच्या हॉलमध्ये उभा करायचा, तो एका हॉटेलवाल्याला दाखवायचा, त्याच्या हॉटेलचं काम मिळालं की दोघांची कार्यशाळा काढायची. ''नोकरी आधी तू सोड,'' शेठ म्हणाला. ''दोघांनी एकदम सोडली तर दोन्ही घरांत बोंबाबोंब होईल. तुझ्या मागून मी आहेच.'' मी गोदामातली नोकरी सोडली. साहेबांनी विचारलं, ''नक्की ना?'' मी छाती काढून नक्की म्हणालो.

मग सुट्टी नाही की सण नाही, मी कामाला लागलो. बंद पडलेल्या दवाखान्याचं दार आडवं टाकून काउंटर केला. मोडक्या पलंगाची लोखंडी दांडी खाली पाय टेकायला लावली. शेठ खुर्चीत बसून पॉलिशपेपर घासल्यासारखं करायचा आणि दर थोड्या वेळाने ''वा!'' म्हणायचा. त्या 'वा'वर मी दिवस काढत होतो.

बाटल्यांच्या मागे आरसा हवा होता आणि काउंटरखाली खण. दोन्ही एकत्र होतं ते आमच्याच घरी, बायकोच्या ड्रेसिंग टेबलात. तिच्या वडिलांनी दिलेलं, शिसवी. मी विषय काढल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, ''न्या. तुमच्या पोटापाण्याचं आहे. पण आरसा जपा.'' मी टेबल करवतीने मधोमध कापलं, तेव्हा ती तिथे थांबली नाही.

शनिवारी शेवटचं काम उरलं होतं. काउंटरच्या पुढच्या काठाला लाकडी पट्टी डिंकाने चिकटवली आणि ती दाबून धरायला ओळीने क्लॅम्प आवळले. शेठला बजावलं, ''उद्या संध्याकाळी मी येऊन काढेन. तोवर हात लावू नकोस.''

''तुझा डिंक वाळेपर्यंत माणूस म्हातारा होतो,'' तो हसला. ''घाई काय आहे? हॉटेलवाला पुढच्या आठवड्यात येतोय. तू हवासच की त्या वेळी.''

रविवारी संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून मी गेलो, तर दाराबाहेर चपलाबुटांची गर्दी. आत दिवे, गाणी, हसणं. माझे क्लॅम्प काढून चपलांच्या रॅकखाली ढकललेले. बारमागे शेठ नव्या शर्टात उभा होता आणि सांगत होता, ''रोज ऑफिसहून आलो की बसायचो घासत. बायको म्हणायची, वेड लागलंय तुम्हाला! पण हाताने केल्याचं सुख काही वेगळंच.''

समोर एक जाडजूड गृहस्थ कोपर टेकून ऐकत होते. तेच हॉटेलवाले, हे कुणी सांगायची गरज नव्हती. शेठने मला पाहिलं. मला वाटलं, आता हा कपाळावर हात मारेल, खोटं का होईना काही कारण सांगेल, मला ओढत पुढे नेईल. एवढं केलं असतं तरी मी विरघळलो असतो, इतका मी मूर्ख आहे.

''हे आमचे सुतार,'' शेठ म्हणाला. ''थोडं काम बाकी आहे, म्हणून आलेत.''

कॉलेजपासूनचा मित्र एका दमात 'अहो-जाहो'वर आला. माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. ''काठावर रेलू नका,'' मी हॉटेलवाल्यांना म्हणालो, ''पट्टी अजून ओली आहे.'' त्यांनी चटकन कोपर उचललं.

''आमचे सुतार जरा हळवे आहेत,'' शेठ म्हणाला आणि सगळे हसले.

मी बारमागे गेलो. बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या आणि स्क्रूड्रायव्हर काढला. शेठ माझ्या कानाशी आला. ''अरे, काय करतोयस? उद्या बोलू. तुला यात घेणारच आहे मी, देवाशपथ.''

''काम बाकी आहे ना?'' मी मोठ्याने म्हणालो. ''तेच करतोय.''

मला सुतार त्यानेच म्हटलं होतं. आरशाला चार स्क्रू होते. मी ते सावकाश काढले. पाहुणे पेले हातात धरून आदराने बाजूला सरकले. एकाने तर दार उघडून धरलं. आरसा छातीशी धरून निघालो तेव्हा हॉटेलवाले शेठला विचारत होते, ''नवा बसवणार का तिथे?'' शेठ म्हणाला, ''हो, याच्यापेक्षा मोठा.''

घरी बायकोने माझ्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही.

''इतकी वर्षं शेठ म्हणून हाक मारलीत,'' ती म्हणाली, ''झाला एकदाचा.'' मग हळूच विचारलं, ''टेबल?''

''कापलंय ना ते,'' मी म्हणालो.

तिने आरसा पदराने पुसला आणि भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला. सकाळी उठलो तर ती त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून केस विंचरत होती. मीही उठून दाढी करायला तिच्या शेजारी बसलो. साबण लावून झाल्यावर आठवलं, की मला कुठे जायचंच नव्हतं.